पाच इंचांचा धीर

माणसाला कशाचं वेड असावं, याला काही नियम नाही. कुणी जुनी नाणी जमवतं, कुणी कबुतरं पाळतं. माझ्या दादाने एक जुनी जीप पाळली आहे. भोर तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे. डांबरी रस्ता संपला की पुढे दीड किलोमीटर डोंगराच्या कडेने मातीची वाट जाते. तिथे साधी मोटार जात नाही, जीप जाते. त्यामुळे जीप ही नुसती हौस आहे, असं म्हणता येत नाही. पण रविवारी हीच जीप घेऊन दादा मित्रांबरोबर ओढे-नाले तुडवत हिंडतो, त्यामुळे ती नुसती गरज आहे, असंही म्हणवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर या जीपवरून घरात वाद सुरू झाला. शेतातून परतताना टपावरच्या कॅरियरवर भाताची चार पोती होती, आत वहिनी आणि नऊ वर्षांची पुतणी. एका वळणापाशी वाट दरीच्या बाजूला कललेली आहे. तिथे खालच्या बाजूची चाकं चाकोरीत उतरली आणि वरच्या बाजूची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. क्षणभर जीप तशीच तोलली आणि मग धप्पकन पुन्हा चार चाकांवर आली. कुणाला खरचटलंही नाही. पण वहिनीने घरी येऊन शांतपणे सांगितलं, "यापुढे मी आणि पोरगी त्या गाडीत बसणार नाही."

ओरडून बोललेलं विसरता येतं, शांतपणे बोललेलं विसरता येत नाही. दादाने उपाय शोधला तो असा, की जीपचे पुढचे-मागचे दोन्ही अ‍ॅक्सल बदलायचे आणि जास्त रुंदीचे बसवायचे. अ‍ॅक्सल म्हणजे बैलगाडीचा आस असतो तसा, दोन चाकांना जोडणारा. तो लांब केला, की चाकं एकमेकांपासून दूर जातात आणि गाडी फाकून उभी राहते. आगपेटी उभी ठेवली तर टिचकीने पडते, आडवी ठेवली तर पडत नाही, इतकं हे सोपं आहे.

यात दादाचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप आठवा. तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जेमतेम सव्वा अठ्ठेचाळीस इंच होतं. तिच्याच घराण्यातली सीजे-५ ही जीप कशी उलटते, ते डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरदर्शन कार्यक्रमाने दाखवलं आणि तिथे मोठी चर्चा झाली. १९८२ च्या मॉडेलपासून सीजे-७ या जीपला चार-पाच इंच जास्त रुंदीचे अ‍ॅक्सल आले. तिथले हौशी लोक आजही हे रुंद अ‍ॅक्सल शोधून आपल्या जुन्या जीपना बसवतात.

आमचे अण्णा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी वादात न पडता पुतणीची कंपासपेटी आणि पाठकोरा कागद मागवला. "अरे, आधी हिशेब तर करू," म्हणाले.

हिशेब असा. चाकांमधल्या अंतराचं निम्मं घ्यायचं आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. अमेरिकेतलं वाहन सुरक्षा खातं २००१ च्या मॉडेलपासून गाड्यांना गुण देताना हाच आकडा धरतं. साध्या मोटारींचा तो साधारण १.३० ते १.५० असतो, उंच जीपवर्गीय गाड्यांचा १.०० ते १.३०. आकडा जितका लहान, तितकी कलंडण्याची भीती मोठी.

आमच्या जीपच्या चाकांमधलं अंतर ४८ इंच, गुरुत्वमध्य अंदाजाने २५ इंचांवर धरला. आकडा आला ०.९६. म्हणजे उभी जीप सुमारे ४४ अंशांपर्यंत कललेली सोसेल. पाच इंच रुंदी वाढवली, तर १.०६, म्हणजे सुमारे ४७ अंश. दादाचा चेहरा खुलला.

"आणि ते मोठे टायर?" अण्णांनी विचारलं.

कारण दादाच्या यादीत रुंद अ‍ॅक्सलच्या खाली मोठे टायर आणि पाट्यांखाली गुटके घालून गाडी उचलणंही होतं. सगळं मिळून गाडी तीन इंच वर जाणार. अण्णांनी २५ च्या जागी २८ लिहिले. आकडा आला ०.९५! पाच इंचांनी कमावलेलं तीन इंचांनी गमावलं, वर थोडं घरातलंही गेलं.

मग त्यांनी त्या दिवसाचा हिशेब मांडला. टपावर चार पोती म्हणजे गुरुत्वमध्य ३२ इंचांच्या आसपास. आकडा ०.७५, सोसण्याची हद्द जेमतेम ३७ अंश. तीही गाडी उभी असताना. चालत्या गाडीला धक्के बसतात, खालच्या बाजूचे पाटे दबतात, हद्द आणखी अलीकडे येते.

दुसऱ्या दिवशी अण्णा ओळंबा आणि कोनमापक घेऊन त्या वळणावर गेले. वाटेचा आडवा उतार निघाला २० अंश. चाकोरी नऊ इंच खोल, तिचे आणखी ११ अंश. एकूण ३१. त्यावर पाटे दबले आणि धक्का बसला, की ३७ किती दूर राहिले, ते सांगायला नको.

मी त्या वेळी सुट्टीवर होते. दादाच्या मिस्त्रींकडेही जाऊन आले. गृहस्थ सरळ निघाले. त्यांनी सांगितलं, की रुंद अ‍ॅक्सल बसवणं म्हणजे चाक काढून चाक लावणं नव्हे. पाटे जिथे टेकतात त्या बैठका योग्य जागी, योग्य कोनात वेल्ड कराव्या लागतात. नाहीतर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि गाडी थरथरते. पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचे दाते एकाच प्रमाणाचे हवेत. ते जुळले नाहीत, तर कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात. ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे, सगळंच नव्याने जुळवावं लागतं. नुसते जाड स्पेसर घालून चाकं बाहेर काढणं स्वस्त पडतं, पण मग चाकाच्या बेअरिंगवर जास्त ताण येतो.

कायद्याचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या, म्हणजेच उत्पादकाने ठरवून दिलेल्या, तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करील ही भीती आहेच.

एवढं ऐकून दादा गप्प झाला. मला त्याची दया आली. त्याला मिरवायचं नव्हतं, बायको-मुलीला पुन्हा गाडीत बसवायचं होतं. त्यासाठी खिशातले पैसे घालायला तो तयार होता. पुरुषमाणसाला "मी घाबरलो होतो" म्हणणं जड जातं, त्यापेक्षा अ‍ॅक्सल बदलणं सोपं वाटतं.

शेवटी मार्ग निघाला तो अगदी साधा. अण्णा म्हणाले, "गाडीची रुंदी वाढवून तीन अंश मिळतात. वाट नीट केली, तर वीस मिळतील." दोन गडी आणि दादा, तिघांनी चार दिवस कुदळ-फावडं चालवलं. वळणावरची वरची बाजू खणून खाली भर घातली, दगड रचून ती बांधून घेतली, चाकोरी मुरमाने बुजवली. कोनमापकाने उतार दाखवला ११ अंश. टपावरचं कॅरियर उतरवलं. आता पोती गाडीच्या तळाशी, आणि माणसं असतील त्या फेरीला पोती नाहीत. मोठ्या टायरांचा बेत रद्द झाला.

रुंद अ‍ॅक्सलचं वेड दादाने अजून सोडलेलं नाही. परवानगी मिळते का, म्हणून आरटीओकडे त्याने लेखी विचारणा केली आहे. मिळाली तर जरूर बसवावेत, त्या पाच इंचांचं मोल आहेच. पण मला धास्ती आहे ती वेगळी. गाडी जरा स्थिर वाटू लागली, की माणूस आणखी अवघड उतार शोधू लागतो. गाडीने दिलेला धीर चैनीत उधळायचा, की मागच्या सीटवरच्यांसाठी राखून ठेवायचा, हे लोखंड ठरवत नाही.

पौषात वहिनी शेतावर जायला निघाली. आधी त्या वळणापर्यंत पायी गेली, दगडी बांध पायाने दाबून पाहिला, दादाला म्हणाली, "अहो, आणा गाडी." आणि मुलीचा हात धरून जीपमध्ये चढली.