पत्त्यांवर पोट

"मुलगा काय करतो?" या प्रश्नाची आमच्याकडे ठरलेली उत्तरं असतात. रोह्याचा असेल तर धाटावला एमआयडीसीत, पेणचा असेल तर गणपतीचा कारखाना, नाहीतर सकाळची गाडी पकडून पनवेल-मुंबई. माझा रोह्याचा मामेभाऊ सात वर्षं "कॉम्प्युटरवर काम करतो" या उत्तरावर निभावला. मामी खोटं बोलत नव्हती. तो कॉम्प्युटरवरच काम करायचा. फक्त ते काम म्हणजे पोकर होतं. ऑनलाइन, पैसे लावून, २०१८ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत.

त्याला विचारूनच लिहितेय. "नाव सोडून काय हवं ते लिही, ताई," म्हणाला. नातेवाईक मंडळी वाचतात हे त्याला माहीत आहे. बहुतेक म्हणूनच म्हणाला असावा.

आपल्याला पत्ते म्हणजे गौरी-गणपतीतलं जागरण. रमी, तीन पत्ती, पहाटे चहा आणि शेवटी कोण कोणाचं किती देणं लागतो यावरून भांडण. पोकरमध्ये हातात दोनच पत्ते, मध्ये उघडे पाच, आणि दर फेरीला एकच प्रश्न: पैसे लावायचे की पत्ते टाकून द्यायचे? मला वाटायचं, यात हुशारी म्हणजे समोरच्याला फसवणं. तो हसला. म्हणाला, "हुशारी म्हणजे टाकून देणं. दहातले सात-आठ डाव मी बघून टाकतो. दिवसभर दुकान उघडून बसायचं आणि बहुतेक गिऱ्हाइकांना नाही म्हणायचं, असलं काम आहे."

दुकान हाच शब्द तो वापरायचा. आणि दुकानाचा हिशोब त्याने मला एकदा कागदावर मांडून दाखवला होता. तो नेहमी २५/५० च्या टेबलावर खेळायचा, म्हणजे जिथे दोघांना आळीपाळीने पत्ते बघण्याआधीच २५ आणि ५० रुपये लावावे लागतात. तिथे कंपनीचं कमिशन जाऊन शंभर डावांमागे २५० रुपये सुटले तर खेळाडू चांगला समजायचा. एका वेळी चार टेबलं उघडली की तासाला अडीचशे डाव, म्हणजे सव्वासहाशे रुपये. महिन्याला शंभर तास बसलं की साडेबासष्ट हजार. धाटावच्या शिफ्टपेक्षा बरं की!

पण कागदाची दुसरी बाजू होती. नशिबाचा हेलकावा महिन्याला साधारण सत्तर हजारांचा, कधी इकडे, कधी तिकडे. म्हणजे काहीही न चुकता, डोकं शांत ठेवून खेळलं तरी पाचातला एक महिना तोट्यात जाणार. हातात एक्क्यांची जोडी आणि समोरच्याकडे राजांची, सगळे पैसे मध्ये, तरी शंभरातले अठरा-एकोणीस वेळा हरायचंच. आणि ते अठरा-एकोणीस सारखे वाटून येत नाहीत. एका आठवड्यात ओळीने येतात.

म्हणून घरखर्चाचे वर्षभराचे पैसे बँकेत वेगळे, खेळायचे वेगळे. टेबलावर पाच हजार घेऊन बसायचं, तर मागे त्याच्या चाळीसपट, दोन लाख, उभे हवेत. ते दीड लाखावर आले की मुकाट्याने छोट्या टेबलावर जायचं. रोजचं टिपण. आदल्या रात्रीचे मोठे डाव दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा उलगडून बघायचे, आणि निकाल काय लागला यापेक्षा निर्णय बरोबर होता का ते तपासायचं. इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचं इंटरनेट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात धडकलं, त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढे दिवस दुकान बंद.

पोटासाठी पोकर खेळायचा तर पत्त्यांचं डोकं लागतं असं लोक समजतात. मला वाटतं त्याहून जास्त लागते ती ही असली शिस्त, जी किराणा दुकानदाराकडे असते आणि जुगाऱ्याकडे नसते. आणि एक गोष्ट दुकानदारालाही लागत नाही: तोट्याच्या महिन्यात "यात माझी चूक नाही" हे एकट्याने मानायची ताकद. कारण घरात कोणी मानत नाही. दोन स्थळं याच कारणाने परत गेली. मामा तर "जुगार" हा शब्द उच्चारायचे नाहीत, नुसता टीव्हीचा आवाज वाढवायचे.

या खेळाची हवा कुठून आली? २००३ साली अमेरिकेतल्या टेनेसीचा एक अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्याचं नाव ख्रिस मनीमेकर. खरंच हेच आडनाव! जगभरच्या पोरांना वाटलं, मग आपण का नाही? पण १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने तिथल्या मोठ्या साइट्सवर कारवाई केली, आणि एका दिवसात हजारोंचा रोजगार गेला. काहींचे खात्यातले पैसे परत यायला वर्षं लागली. भाऊ सांगतो, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आपल्याकडे ते टप्प्याटप्प्याने आलं. एप्रिल २०२३ पासून जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. आधी तो फक्त कंपनीच्या कमिशनवर होता. साडेबासष्ट हजारांचं गणित तिथेच ढासळलं. मग २० आणि २१ ऑगस्ट २०२५ ला संसदेने कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत की नशिबाचे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं होतं. त्या आधारावर इतकी वर्षं जे वाद चालले ते या कायद्याने बाजूला ठेवले. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. अॅप्सनी लगेच टेबलं बंद केली. गणपती पाच दिवसांवर आले होते.

आता पेणची मी, मला हे ऐकून फार धक्का बसायला नको होता. एका सरकारी कागदाने वर्षाची कमाई हलते हे आमच्या मूर्तिकारांना पाठ आहे. २०२० साली मंडळाची मूर्ती चार फूट, घरची दोन फूट असा नियम आला आणि मोठ्या मूर्ती कारखान्यातच राहिल्या. पीओपीचं तर २०२५ मध्ये गणपतीच्या तोंडावर कोर्टात चाललं होतं. कर्ज काढून आठ-दहा महिने राबायचं आणि शेवटच्या महिन्यात काय होईल ते होईल. हमरापूर-जोह्याचा मूर्तिकार आणि माझा भाऊ, दोघांचं काळीज सारखंच लागतं.

हे मी त्याला म्हटलं. मला वाटलं बरं वाटेल. तो म्हणाला, "नाही ताई, एक फरक आहे. मूर्तिकाराचं गिऱ्हाईक गणपती घेऊन घरी जातं. माझं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जातं."

मग त्याने ते सांगितलं. चांगल्या खेळाडूंकडून कोणाचं पोट भरत नाही. पोट भरतं ते रात्री अकराला दमून आलेल्यावर, आधीचे गेलेले पैसे परत मिळवायला बसलेल्यावर. त्याच्या टेबलावर असा एक जण यायचा. दर महिन्याच्या एक तारखेला यायचा, पाच तारखेपर्यंत दिसायचा, मग गायब. म्हणजे पगार. खरं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. भावाने मनातल्या मनात त्याचं नाव 'पगारवाला' ठेवलं होतं.

"उठला नाहीस तू कधी?" मी विचारलं.

"नाही. मी उठलो असतो तर माझ्या जागी दुसरा बसला असता."

हे उत्तर बरोबर आहे. पण तो ते माझ्याकडे न बघता देत होता.

ऑनलाइन पैशांच्या खेळात दरवर्षी ४५ कोटी लोक मिळून २० हजार कोटी हरतात, असा अंदाज सरकारने कायद्याच्या वेळी सांगितला. त्या आकड्यात पगारवाला आहे, आणि दुसऱ्या बाजूला माझ्या भावाची इमानदारीने भरलेली वहीसुद्धा. मला दोन्ही खऱ्या वाटतात.

ओळखीतली दोन-तीन पोरं अजून त्याला विचारतात, आता गोव्याला जाऊन खेळावं का? तो त्यांना हिशोब दाखवतो. कॅसिनोत समोरासमोर एकच टेबल, तासाला पंचवीस-तीस डाव. म्हणजे कमाई दहावा हिस्सा, वर राहणं-खाणं. पोरं हिरमुसून जातात. त्याचे स्वतःचे अॅपमधले पैसे नीट परत आले. सध्या तो पेणला एका कारखान्याचे हिशोब बघतो, उधारी, आगाऊ रकमा, मातीचा खर्च. मालकाला त्याचं कौतुक आहे. मामी आता "पेणला अकाउंट्स बघतो" असं मोठ्याने सांगते.

मागच्या महिन्यात आमच्याकडे जेवायला आला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून एकदम म्हणाला, "आज एक तारीख. सुटला असेल ना गं तो?"

मी त्याला आणखी भात वाढला.