आधी बघ, मग बंद कर

कमांड लाईनसमोर बसायचं कसं, हे मला आमच्या शेजारच्या काकांनी शिकवलं. काका टेलिफोन खात्यातले. क्लाउड हा शब्द त्यांनी बहुधा पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकला. तरीही रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेच्या क्लाउडवरच्या डेटाभोवती मी जो नेटवर्क सिक्युरिटी पेरिमीटर उभा केला, त्यातला शहाणपणाचा भाग त्यांचा आहे. कमांड माझ्या, रीत त्यांची. हे कुठेतरी नीट लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

२००१ साली मी पॉलिटेक्निकला डिप्लोमा करत होते आणि सुट्टीतल्या ट्रेनिंगसाठी काकांच्या एक्स्चेंजमध्ये जायला लागले. आदल्या वर्षी १ ऑक्टोबरला खात्याची बीएसएनएल झाली होती, पण काका निवृत्त होईपर्यंत ‘खातं’च म्हणत. चपला बाहेर काढायच्या. आत शिरल्यावर डाव्या हाताला बॅटरी रूम, दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीने मांडलेले, कारण एक्स्चेंज चालतं अठ्ठेचाळीस व्होल्टवर. तिथला ॲसिडचा वास कपड्यांना लागून घरी यायचा. पलीकडे एमडीएफ. गावातली प्रत्येक लाईन तिथे येऊन एका जंपर वायरने एक्स्चेंजला जोडलेली. आणि कोपऱ्यात टेबलावर एक टर्मिनल.

माझी समजूत अशी होती की टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे तारा आणि खटखटणारे रिले. काकांनी ती पहिल्याच दिवशी मोडून काढली. डिजिटल एक्स्चेंज हा संगणकच. सी-डॉट ही संस्था सरकारने १९८४ साली काढली आणि दोनच वर्षांत, १९८६ मध्ये, कर्नाटकातल्या कित्तूरला तिचं १२८ लाईनचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं. धूळ असो, उकाडा असो, एअर कंडिशनरशिवाय चालेल असं यंत्र. खेड्यापाड्यांत फोन पोचला तो बराचसा त्याच्या जोरावर. नवा ग्राहक जोडायचा, कोणाची एसटीडी बंद करायची, कोणाची परत चालू करायची, हे सगळं टर्मिनलवर एक-एक ओळ टाइप करून व्हायचं. माऊस नाही, चित्रं नाहीत, ‘नक्की ना?’ असं विचारणारी खिडकी नाही. एंटर दाबलं की झालं.

एक सकाळ मला अगदी स्पष्ट आठवते. बिलं थकलेल्यांची यादी आली होती. अशा यादीवर आधी आउटगोइंग बंद करतात. इनकमिंग काही दिवस चालू राहतं, म्हणजे माणसाला निदान फोन येऊ शकतो. आत येणारी वाट वेगळी, बाहेर जाणारी वाट वेगळी, आणि दोन्ही स्वतंत्रपणे उघडता किंवा बंद करता येतात, हे मी तिथे शिकले. मला वाटलं, यादी समोर आहे, कमांड ठाऊक आहे, अर्ध्या तासाचं काम. काकांनी मला एकही लाईन बंद करू दिली नाही. आधी प्रत्येक नंबर नुसता ‘डिस्प्ले’ करून बघायला लावला. हा कोणाचा, कुठल्या प्रकारचा, त्यावर आत्ता काय चालू आहे. निम्म्यावर आलो तेव्हा एक नंबर पीसीओचा, म्हणजे सार्वजनिक फोनचा, निघाला. पिवळ्या पाटीचा, एका आडगावातला. काकांनी पेन खाली ठेवलं.

“अगो, ह्याची एसटीडी बंद केलीस तर बंद कोणाची होईल?”

मी म्हटलं, पीसीओवाल्याची.

“सगळ्या वाडीची. मुंबईला निरोप द्यायला तिथे दुसरा फोन नाही.”

मग त्यांनी साहेबांना फोन लावला, त्या नंबरापुढे रजिस्टरात ‘विचारून’ असं लिहिलं, आणि उरलेली यादी पुढे चालू केली. बिल थकलं होतं हे खरंच, आणि काकांनी नियम मोडला असंही नाही. त्या नंबरावर कोण अवलंबून आहे हे ठाऊक असल्याशिवाय त्यांनी एंटर दाबलं नाही, इतकंच.

रजिस्टराचीही एक शिस्त होती. कमांड आधी कागदावर लिहायची, तिच्याखाली ती उलटवायची कमांड लिहायची, वेळ टाकायची, मग टाइप करायचं. टाइप केल्यावर आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ऐकायचे. आणि शेवटी एमडीएफवर जाऊन त्याच लाईनला टेस्ट फोन लावून डायल करून बघायचं. यंत्राने ‘झालं’ म्हटलं म्हणून झालं असं ते कधी मानत नसत.

पुढे डिप्लोमानंतर मी पुण्याला गेले, नोकरीत रमले, क्लाउडच्या कामात शिरले. तिथे माझ्या टीम लीड ताईंनी जे शिकवलं त्याचं ऋण वेगळं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा त्यांनी आम्हाला ते दुपारभर फळ्यावर मांडून दाखवलं होतं. अमेरिकेतले सुमारे १० कोटी आणि कॅनडातले सुमारे ६० लाख ग्राहक, एवढ्यांची माहिती बाहेर गेली. चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या एका फायरवॉलमधून हल्लेखोराने आतल्या सर्व्हरचे तात्पुरते क्रेडेन्शियल मिळवले आणि त्यांच्या जोरावर स्टोरेजमधल्या फाइली उतरवून घेतल्या. क्रेडेन्शियल अस्सल होते, म्हणून स्टोरेजने दार उघडलं. ताई म्हणाल्या, “कोण मागतंय एवढं विचारून भागत नाही, कुठून मागतंय तेही विचारायला हवं.” पेरिमीटर नेमकं हेच विचारतो.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी रत्नागिरीला परतले आणि इथेच राहिले. पतसंस्थेचं काम त्यानंतर काही वर्षांनी आलं. सभासदांचे केवायसीचे स्कॅन स्टोरेज अकाउंटमध्ये, खाती एसक्यूएल डेटाबेसमध्ये, गुप्त किल्ल्या की व्हॉल्टमध्ये. सगळं मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर, पुण्याच्या रीजनमध्ये. तिन्हींना आपापला फायरवॉल होता आणि तिन्हींचे नियम वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले. नेटवर्क सिक्युरिटी पेरिमीटर ह्या तिघांभोवती एकच सीमा घालतो. आतले आतल्यांशी बोलू शकतात. बाहेरून सार्वजनिक इंटरनेटवरून येणारी प्रत्येक मागणी, कुठला नियम तिला मुभा देत नसेल तर, नाकारली जाते. आत येण्याचे नियम आयपी पत्त्यांवर किंवा सबस्क्रिप्शनवर बांधता येतात, बाहेर जाण्याचे नियम डोमेनच्या पूर्ण नावावर.

कमांड लाईनवर ह्याचे टप्पे मोजके आहेत. ‘एझेड नेटवर्क पेरिमीटर क्रिएट’ने पेरिमीटर तयार करायचा. त्याच्यात एक प्रोफाइल करायचं. प्रोफाइलमध्ये ॲक्सेस रूल घालायचे. मग प्रत्येक रिसोर्स ‘असोसिएशन’ करून त्या प्रोफाइलला जोडायचा, आणि जोडताना ॲक्सेस मोड सांगायचा. सगळं मर्म ह्या शेवटच्या शब्दात आहे. ‘एन्फोर्स्ड’ लिहिलं तर सीमा लागू. ‘लर्निंग’ लिहिलं तर कोणाचीही वाट अडत नाही. पेरिमीटरच्या नियमात न बसणारी मागणी रिसोर्सच्या जुन्या नियमांवर तपासली जाते, आणि डायग्नोस्टिक सेटिंग चालू केलेलं असेल तर तिची लॉगमध्ये नोंद होते.

काम हाती घेतलं त्या संध्याकाळी काका पडवीत बसले होते. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी लर्निंगचा मुद्दा पुन्हा एकदा समजावून घेतला आणि म्हणाले, “हे बरं केलंनी. आपल्याकडे बागेला गडगा घालताना पहिला प्रश्न काय असतो? वहिवाट कोणाची.” कोकणात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वीस वर्षं उजागरीने, कोणी न अडवता माणूस एखाद्या वाटेने जात असेल तर १८८२ चा कायदा त्याचा हक्क मानतो, आणि वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज होतो. चिरा रचायच्या आधी चार दिवस नुसतं बघत बसणारे शेतकरी मी लहानपणी पाहिले आहेत.

आम्हीही लर्निंग लावून बघत बसलो. लॉगमधल्या ज्या ओळी पेरिमीटरच्या नियमात बसत नव्हत्या, पण जुन्या नियमामुळे आत येत होत्या, तेवढ्याच मी वेगळ्या काढायचे, मोठ्या अक्षरात छापायचे आणि काकांना नेऊन द्यायचे. ते पेन्सिलीने प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहायचे: कोण?

पतसंस्थेच्या ॲपची ओळ सगळ्यात जास्त वेळा होती आणि ती सोपी होती. पिग्मी एजंटांचे फोन ॲपशी बोलतात, ॲप आपल्या मॅनेज्ड आयडेंटिटीने, म्हणजे ॲझ्युअरने दिलेल्या ओळखीने, स्टोरेजशी बोलतं. त्यासाठी सबस्क्रिप्शनवर आधारलेला एक नियम पुरला. मॅनेजरच्या घरचा आयपी पत्ता मात्र दर थोड्या दिवसांनी बदलायचा. पावसाळ्यात लाईट गेली आणि आली की राऊटर नवा पत्ता घेऊन उठतो. असा पत्ता नियमात लिहिण्यात अर्थ नाही, आणि तो त्यात बसावा म्हणून पत्त्यांची मोठी पट्टी उघडणं त्याहून वाईट. घरून काम करायचं तर आधी व्हीपीएनने ऑफिसच्या स्थिर पत्त्यावर यायचं, असं ठरलं.

एक ओळ रोज पहाटे उमटायची. संस्थेत कोणालाच ती ओळखता येईना. मी ती बंद करण्याच्या बाजूची होते. काकांनी कागदावर फुली मारायला नकार दिला. “रोज ठरल्या वेळी येतो तो चोर नसतो, नोकर असतो. मालक शोध.” संचालक मंडळाचे जुने ठराव चाळले तेव्हा मालक सापडला: हिशेब तपासनिसांसाठी रोजच्या नोंदींची प्रत नेणारा एक प्रोग्राम, रीतसर ठरावाने मंजूर झालेला आणि नंतर सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला. तो बंद झाला असता तर मार्चअखेरीला ऑडिट अडलं असतं. त्याला त्याच्या एकट्या पत्त्याचा नियम दिला. अधूनमधून, वेळीअवेळी येणाऱ्या आणखी एका पत्त्याचा मालक शोधूनही सापडला नाही. त्या वेळी स्टोरेजच्या किल्ल्या बदलल्या आणि तो यादीबाहेर ठेवला.

पत्त्यांच्या पट्ट्या लिहिताना शेवटी जो आकडा येतो, त्यावरून काकांशी बराच वेळ बोलणं झालं. स्लॅश चोवीस म्हणजे २५६ पत्ते. स्लॅश बत्तीस म्हणजे एकच. स्लॅश शून्य म्हणजे आयपी आवृत्ती चारचे झाडून सगळे, सुमारे ४२९ कोटी. एका आकड्याच्या फरकाने सगळं जग आत येतं. ते ऐकून त्यांनी सांगितलं, की असा आकडा दुसऱ्याने मोठ्याने वाचल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. पतसंस्थेतली एक तरुण कर्मचारी आता हे वाचायचं काम करते. शिवाय भारतातल्या संस्थांना २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात आणि सुरक्षेची घटना लक्षात आल्यावर सहा तासांत कळवावी लागते. त्यामुळे ह्या नोंदी नीट ठेवणं हे नुसतं आमच्या हौसेचं काम नव्हतं.

एन्फोर्स्ड करायच्या दिवशी मी काकांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “उलटवायची कमांड लिहिलीस?” लिहिली होती, वरच्या ओळीखालीच. कमांड दिली. मग ऑफिसमधून एक फाइल उघडून पाहिली, ती उघडली. मोबाईलच्या डेटावरून तीच मागितली, नाकारली गेली. पिग्मी एजंटाला बाजारातून एक भरणा करायला सांगितलं, तो झाला. पहाटेचा प्रोग्रामही दुसऱ्या दिवशी आपल्या वेळी येऊन गेला.

काकांनी माझ्याकडून पैसे कधी घेतले नाहीत, घेणारही नाहीत. माझ्या कामातला जो भाग मला सगळ्यात जास्त खात्रीचा वाटतो, तो त्यांच्याकडून आलेला आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “खात्याने शिकवलंन, मी काय केलं.” मला ते पटत नाही. खात्यात माणसं पुष्कळ होती. पीसीओच्या नंबरावर पेन खाली ठेवणारे काका मला भेटले, हे माझं भाग्य आहे.

त्यांचं एक काम मात्र ते मला हक्काने सांगतात. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन उभं राहावं लागे. आता जीवन प्रमाण फोनवर चेहरा दाखवूनही होतं. गेल्या खेपेला मी ॲप उघडलं तशी त्याने कॅमेऱ्याची परवानगी मागितली. मी बोट पुढे नेलं, त्यांनी माझा हात धरला.

“हा कशाला हवा त्याला?”

चेहरा बघायला, मी म्हटलं.

“मग दे.”

दाखला झाला, पोचपावतीचा नंबर त्यांनी वहीत उतरवला, दोनदा ताडून पाहिला. मी फोन त्यांच्या हातात ठेवणार तोच म्हणाले, “आता कॅमेरा काढून घे त्याच्याकडचा.” सेटिंगमध्ये जाऊन मी तो काढून घेतला, आणि त्यांनी चष्मा लावून तो खरंच निघाला का ते बघितलं.