दंडारीचा व्हिडिओ कुणाचा?

गॅदरिंगला पोरं ताज्या सिनेमाच्या गाण्यावर नाचतात, त्याचं कायद्याला वावडं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शाळेच्या कार्यक्रमात असं गाणं वाजवायला मोकळीक देतं. अट एवढीच, की समोर शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे आईबाप आणि शाळेशी संबंधित माणसंच असावीत. घोळ होतो तो दुसऱ्या दिवशी. कुणीतरी तोच नाच यूट्यूबवर चढवतो आणि गाण्याच्या कंपनीचा दावा येतो. कधी आवाजच बंद केला जातो. मांडवात प्रेक्षक मोजके होते, इथे सारं जग आलं.

जिवतीत हा विषय शिकवणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. चंद्रपूर जिल्ह्याचं हे तेलंगणाला लागलेलं डोंगराळ टोक. कोलाम, गोंड, बंजारा आणि मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेल्या घरांतली मुलं एकाच बाकावर बसतात. कलमं फळ्यावर लिहून दिली तर ती पाठ होतील, कळणार नाहीत. व्हिडिओ मात्र मुलं रोज बघतात, काढतात, पुढे ढकलतात; म्हणून कायदाही व्हिडिओतूनच शिकवावा.

अमेरिकेत बकनेल विद्यापीठाच्या एरिक फेडन या प्राध्यापकाने २००७ मध्ये हेच केलं. डिस्नीच्या कार्टूनपटांतले शब्द, कधी अर्धेच शब्द कापून त्याने दहा मिनिटांची फिल्म जोडली आणि डिस्नीच्याच पात्रांच्या तोंडून कॉपीराइट समजावला. आपल्या हक्कांबाबत डिस्नी किती कडक, हे ठाऊक असणाऱ्याला ती जास्तच मिश्कील वाटते. इंग्रजीमुळे जिवतीत तिचा मिनिटभराचा तुकडा पुरे. शिवाय तिच्यातला ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीशिवाय वापरायची मुभा, अमेरिकेचा. आपला ‘फेअर डीलिंग’ त्याहून अरुंद: स्वतःचा वापर किंवा अभ्यास, टीका-समीक्षा, चालू घडामोडींची बातमी अशी ठरावीकच कारणं. शिकवण्यासाठी मात्र वेगळी आणि बरीच ऐसपैस तरतूद आहे. तिच्याच आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्धचा बड्या प्रकाशकांचा दावा फेटाळला होता. ‘दहा सेकंद घेतले तर चालतात’ हा पोरांमधला ठाम समज मात्र कुठल्याच कलमात सापडत नाही.

यापुढचा धडा हाताने करायचा. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे हा कधीचाच मोकळा झाला. त्यातून मूकपट! कोलामी, गोंडी, बंजारा बोलीत मुलांनी त्याला खुशाल आवाज द्यावा. एक खोच मुलांनी स्वतः शोधावी: नेटवर सापडणाऱ्या प्रतीला अलीकडे कुणी पार्श्वसंगीत जोडलं असेल, तर ते संगीत मोकळं नाही. चित्र घ्यायचं, आवाज पुसायचा. एवढं एक काम केलं, की एका व्हिडिओत हक्कांचे किती थर असतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

दिवाळीच्या सुमाराचा गोंडांचा दंडारी नाच हा त्याहून अवघड पाठ. मोरपिसांचा मुकुट घातलेला गुसाडी नाचतोय, ढोल वाजतोय, नववीतली मुलगी मोबाइलवर शूट करतेय. गाणं पिढ्यानपिढ्यांचं, रचणारा अज्ञात, त्यामुळे कॉपीराइटच्या कायद्यात त्याला मालक नाही. चित्रीकरण मुलीचं. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांनाही १९९४ च्या दुरुस्तीने त्यांचा असा हक्क दिलाय, म्हणून आधी विचारायचं आणि व्हिडिओच्या सुरुवातीला गुड्याचं, म्हणजे वस्तीचं, नि गाणाऱ्यांचं नाव टाकायचं. पण उद्या बाहेरच्या कुणी तेच गाणं स्टुडिओत रेकॉर्ड केलं, तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क त्याचा होतो आणि ज्यांनी ते जपलं त्यांच्या हाती काही येत नाही. इथे कायदा तोकडा पडतो. शिक्षकाने ते झाकू नये, वर्गात वाद होऊ द्यावा.

त्या वादात कुणीतरी हमखास विचारतं: मग बाजारात मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्याचं काय? ‘स्वतःसाठी’ची सवलत त्याला नाही, तो पैसे घेतो. कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. हे सांगताना आवाज जरा बेतानेच ठेवावा. दुकानदार वर्गातल्याच एखाद्याचा काका असतो.