फर्रुखाबादची एक जागा

लोकसभेतील एका जागेचे मोल आम्हां कारकुनांस चांगले ठाऊक असते. तारांकित प्रश्नाखाली कोणाचे नाव आहे एवढे पाहिले, की उत्तराच्या मसुद्यास किती वेळ बसावे लागणार, हे आम्ही ताडतो. म्हणूनच मे १९६३ मधील फर्रुखाबादची पोटनिवडणूक, आमच्या जन्मापूर्वीची असूनही, आम्हांस विशेष जवळची वाटते.

जवळिकीचे दुसरे कारण असे, की तेथे हरलेले काँग्रेसचे उमेदवार डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी. १९५७ मध्ये ते उत्तर प्रदेशातील 'मुसाफिरखाना' मतदारसंघातून निवडून आले होते. परमुलखात आयुष्य काढणाऱ्यास याहून समर्पक नावाचा मतदारसंघ कोणता मिळावा! नभोवाणी खात्याचे मंत्री म्हणून, १९५२ पासून दहा वर्षे, त्यांनी आकाशवाणीवर अभिजात संगीतास मानाचे आसन दिले आणि चित्रपटगीतांस जवळजवळ बाहेर काढले. श्रोते मुकाट्याने रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ मध्ये 'विविध भारती' काढावी लागली. केसकरांची संगीतावरील निष्ठा निखळ होती, याविषयी आम्हांस शंका नाही. पण लोकांना काय हवे ते विचारण्याची त्यांना फारशी गरज वाटली नाही, असे आमचे मत आहे.

त्यांच्यासमोर उभे होते डॉ. राममनोहर लोहिया. १९६२ मध्ये फूलपुरात पंडित नेहरूंविरुद्ध ते हरले होते. पण त्याच वर्षाच्या अखेरीस चीनकडून झालेल्या पराभवाने सरकारचे तेज उतरले. फर्रुखाबादेत जनसंघाने लोहियांस साथ दिली, आणि त्या प्रांतात जनसंघाची बांधणी करणारे नानाजी देशमुख हेही मराठीच. शिवाय जून १९४६ मध्ये मडगावला सभाबंदी मोडणारे लोहिया गोव्याच्या माणसांस परके कसे वाटावेत? तेव्हा आपला माणूस कोणता, हा हिशेब येथे सरळ सुटत नाही.

लोहिया जिंकले. त्याच सुमारास अमरोह्यात आचार्य कृपलानींनी केंद्रीय मंत्री हाफिज महंमद इब्राहिम यांस हरवले, राजकोटला मिनू मसानी निवडून आले. जौनपुरात मात्र दीनदयाळ उपाध्याय पडले आणि जनसंघाची जागा काँग्रेसकडे गेली.

ऑगस्टमध्ये कृपलानींनी स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. बाजूने ६२, विरुद्ध ३४७. सरकारच्या केसासही धक्का लागला नाही. पण फर्रुखाबादच्या सदस्याने एक आकडा सभागृहात टाकला: देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरू म्हणाले, पंधरा आणे. नियोजनाचे काम पाहणारे गुलझारीलाल नंदा साडेसात आण्यांवर येऊन थांबले. (नवे पैसे १९५७ मध्येच आले होते, तरी देशाचे सभागृह भांडले ते आण्यांतच, गरिबाचा हिशेब बहुधा जुन्याच नाण्यांत होत असावा.)

पंधरा आणे हा आकडा खोटा नव्हता. तो सरासरीचा होता. गिरणीमालकाचे उत्पन्न आणि शेतमजुराची मजुरी एकत्र करून माणशी वाटली की तो निघतो. सरासरी ही कचेरीतील अत्यंत सोयीची वस्तू आहे. ती आम्ही रोज वापरतो. तिच्यावर कोणी हरकत घेत नाही, तिच्याखाली सही करताना हात कापत नाही. लोहियांनी एवढेच विचारले, की खालच्या शेकडा साठ माणसांच्या हाती त्यातले किती पडते? हा प्रश्न येताच सरकारपक्षाचाच आकडा निम्म्यावर आला.

साडेसातांचे ते टिपण कोण्या कारकुनाने रात्री बसून केले असेल, त्याचे नाव कोठेही नाही. त्याने बेरीज तपासताना आपल्या घरचा माणशी खर्चही एकदा आण्यांत मांडून पाहिला असेल काय, असे आम्हांस राहून राहून वाटते. आम्ही मात्र तो मांडून पाहिला असता.