बाबांची जावा

वाडीच्या टोकाला, पूर्वी जिथे गुरांचा गोठा होता, तिथे आता आमचे गॅरेज आहे. त्याच्या एका कोपऱ्यात बाबांची मोटारसायकल तब्बल १९ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. जावा, १९६९ची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ साली या गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३पासून त्या येझदी या नावाने निघाल्या आणि १९९६मध्ये कारखानाच बंद पडला. २०१८मध्ये ते जुने नाव नव्या गाड्यांवर पुन्हा झळकले. पण बाबांची गाडी मूळ घराण्यातली.

बाबा हयात असताना एकदा मी त्यांना म्हणालो होतो, “हे भंगार विकून टाका. जागा तरी मोकळी होईल.” ते काहीच बोलले नाहीत. ताडपत्रीची सुटलेली दोरी तेवढी त्यांनी पुन्हा बांधली. ते गेले आणि ते वाक्य माझ्यापाशीच राहिले.

निवृत्त झाल्यावर मी ताडपत्री काढली. या गाडीची गंमत अशी, की गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. दांडा फिरला, पण किक खाली जाईना. पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून घट्ट बसला होता. मी अधीर होऊन हातोडी उचलली. घाव चुकला आणि सिलिंडरची एक फिन मोडली.

शेजारचे वृद्ध मेकॅनिक पाहायला आले. म्हणाले, “लोखंडावर राग काढून कसे चालेल? आत डिझेल ओत आणि आठ दिवस विसरून जा.”

नवव्या दिवशी लाकडाचा तुकडा ठेवून हलकेच ठोकले, तेव्हा पिस्टन केसभर सरकला. पुढे चार महिने तेच शिकणे चालले. टाकीत बारीक खडी घालून गंज खळखळून काढला. पॉइंटमधले अंतर ०.४ मिलिमीटरवर आणले. पेट्रोलमध्ये लिटरमागे ४० मिलिलीटर ऑइल मिसळले. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण त्या मिश्रणातूनच मिळते.

क्लचचे झाकण उघडले, तेव्हा आतले पॅकिंग घरी कापलेले निघाले. तेलाने काळवंडलेला पुठ्ठा होता तो. पुसून पाहिला, तर माझेच बालपणीचे अक्षर : ‘इयत्ता सातवी’. नवे पॅकिंग घ्यायला पैसे नव्हते, की दुकान बंद होते, आता कोण सांगणार? त्या वर्षी वादळाने आमची केळीची बाग आडवी झाली होती आणि तरीही माझी फी वेळेवर भरली गेली होती, एवढे मला आठवते.

गाडी सुरू झाली, तेव्हा निळसर धुराने गॅरेज भरून गेले. आई काठी टेकत ओटीवर आली. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “आवाज तोच आहे. पण ते इतका जोर देत नसत.” मी थ्रॉटल हळू सोडला.

नवे पॅकिंग बसवले आहे. जुना पुठ्ठा कपाटात जपून ठेवला आहे. फिन मात्र वेल्डिंग करून घेतली नाही. गाडी पुसताना बोट तिथे अडखळते, आणि बाबांनी दोरी बांधली होती ती दुपार आठवते.