आत्याच्या हंड्यात आपलं पाणी

पावसाळ्यातल्या रविवारी मुलांना कुठं न्यावं, हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल. गेल्या श्रावणात आम्ही कात्रजचा जुना घाट गाठला. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, प्रत्येकाची छत्री आणि थोरल्याचा शाळेतला नकाशा, एवढीच तयारी. ‘पाणलोट क्षेत्र’ हा धडा त्याला नुकताच झाला होता. व्याख्या तोंडपाठ, अर्थ मात्र डोक्यात शिरत नव्हता!

जुन्या बोगद्याच्या अलीकडं उभं राहिलात, की खाली पुणं पसरलेलं दिसतं. बोगदा ओलांडलात, की शिवापूरचं हिरवंगार खोरं. “हा डोंगर म्हणजे घराचं आढं,” ह्यांनी मुलांना सांगितलं, “कौलांवरचं पाणी आढ्याच्या दोन्ही अंगांनी ओघळतं ना? तसंच.”

दक्षिणेला पडलेला थेंब शिवगंगेतून नीरेकडं जातो. उत्तरेचा कात्रजच्या तळ्यात उतरतो, आंबिल ओढ्यानं मुठेला मिळतो. पुढं मुळा-मुठा भीमेत आणि भीमा उजनीच्या धरणात. नीरा भीमेला भेटते ती धरणाच्याही खाली, नीरा-नरसिंहपूरला. एका माहेरच्या दोन बहिणी दोन वाटांनी जाऊन पुन्हा भेटाव्यात, तशी गंमत!

“उजनीचं पाणी कोण पितं?” धाकटीनं विचारलं.

“सोलापूर.”

“म्हणजे आत्या आपलं पाणी पिते?”

मी गप्पच झाले. आदल्याच रात्री तळणीचं उरलेलं तेल मी मोरीत ओतलं होतं. दिवाळीला वन्सं आल्या होत्या, तेव्हा पेलाभर पाणी पिऊन म्हणाल्या होत्या, “वहिनी, तुमच्या पाण्याला वास नाही हो!” तेव्हा मी हसले होते. त्या दिवशी घाटात ते वाक्य काट्यासारखं टोचलं.

परतताना मुद्दाम ओढ्याच्या काठाकाठानं आलो. कात्रजचं तळं नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. तिथलं पाणी नळांतून थेट शहरातल्या हौदांत येई. आज त्याच तळ्याखालचा ओढा दांडेकर पुलाशी पोचेपर्यंत काळा होतो. रस्त्यावरचं तेल, कचरा, पिशव्या, सगळं पाऊस धुऊन त्यात आणतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाच ओढा घराघरांत शिरला, माणसं दगावली. जमीन फरशी-सिमेंटनं झाकली, ओढ्याची वाट आवळली, मग पाण्यानं जावं तरी कुठं?

शहराचं सगळंच सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जात नाही. त्यावरच पोसलेली जलपर्णी नदीभर माजते. हे मुलांना भाषणानं पटत नाही, डोळ्यांनी पटतं. म्हणून घरी आल्यावर आम्ही एक खेळ केला. तुम्हीही करून बघा.

परातीत दोन-तीन वाट्या उपड्या ठेवा, वर जुनं मेणकापड सैलसर पसरा. झाले डोंगर आणि दऱ्या! एका उतारावर चिमूटभर हळद टाका, ती शेतातली माती. दुसऱ्यावर धुण्याची पावडर आणि चार थेंब तेल, ते आपलं घर. आता झारीनं पाऊस पाडा. परातीच्या तळाशी जमेल ते उजनीचं पाणी. मुलांना विचारा, “यातलं पेलाभर आत्याला देऊ या?”

आमच्या धाकटीनं जोरजोरात मान हलवली.

आता तळणीचं तेल मी गाळून पुन्हा फोडणीला वापरते. उरलंच तर जुन्या कागदानं टिपून कचऱ्यात टाकते. पावडर चमच्यानं मोजून घेते. एका घरानं नदी निवळत नाही, हे मलाही कळतं. पण मोरीपाशी गेलं की धाकटी हटकून विचारते, “आई, हे आत्याला चालेल?”

तुमच्या गावाच्या खाली कोणाचं गाव आहे, ते एकदा नकाशात बघा. तिथंही कुणाची तरी आत्या असेलच.