बोर्डिंगची ट्रंक

काळा रंग, जाड पत्रा, दोन्ही बाजूंना कड्या, पुढे कोयंडा. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने मालकिणीचं नाव-गाव, खाली बोर्डिंगचा नंबर. बाई दिसायलाच करारी. मालवणात एसटीच्या टपावर चढायची आणि कणकवली, फोंडाघाट, कोल्हापूर, सातारा, वाई करत, पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटच्या दारात उतरायची. निघताना आईचं एकच सांगणं, ''गे बाय, लाडू तळाक आसत, सगळ्यांका वाटून खा.''

बेल्जियममधल्या लिएजात १८३३ साली स्थापन झालेला 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' हा सिस्टरांचा संघ १८६२ मध्ये हिंदुस्थानात आला. त्यांनी पाचगणीत ही मुलींची शाळा काढली १८९५ साली. तेव्हा मालवण आज ज्यात येतं तो सिंधुदुर्ग नावाचा जिल्हाच नव्हता. तो रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. ट्रंकेला त्याचं काही नव्हतं. तिच्यावर गावाचं नाव होतं, तेवढं पुरे.

पाचगणी सव्वाचार हजार फुटांवर. मालवणची खारी हवा हिच्या बिजागऱ्या खायची, तिथलं धुकं राहिलेलं काम उरकायचं. तरी आतला स्वेटर कोरडाच निघायचा.

स्वभावाने शिस्तीची. यादीबाहेरचं काही कोंबलं की झाकण लागू द्यायची नाही. मग दोघींनी वर बसायचं आणि तिसरीने कोयंडा अडकवायचा. पण पोटात माया. बोर्डिंगमध्ये प्रार्थना, जेवण, अभ्यास, झोप सगळं घंटेवर आणि सगळं चारचौघींत. रडायला कोपरा नाही. मुलीची स्वतःची म्हणावी अशी जागा एवढीच, खाटेखालची. किल्ली गळ्यात, क्रूसाच्याच साखळीत. आत मोज्यांवर लाल दोऱ्याने घातलेला नंबर, तळाशी आमसुलांचा वास. झाकणाच्या आतल्या बाजूला कपड्यांची यादी, मदर मेरीचं चित्र आणि सुट्टीला किती दिवस उरले त्याच्या पेन्सिलच्या रेघा.

शिक्षण संपलं की हीही घरी यायची. पुढे माळ्यावर गोधड्या सांभाळायच्या, नाहीतर तांदूळ. कुरकुर नाही.

शाळेच्या इतिहासात सिस्टरांची नावं मिळतात, इमारतींची सालं मिळतात. मुलींचा इतिहास मात्र या झाकणांच्या आत आहे. तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा, आणि जिची आहे तिला विचारा.